रायफलचा स्टॉक की चेसिस: नेम नेमका कशामुळे लागतो?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावात खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे आणि गर्दी. जत्रा म्हटली की फुगे फोडायचा स्टॉलही आलाच. फळीवर रंगीत फुगे, समोर छऱ्याची बंदूक आणि आजूबाजूला सल्ले देणारे मित्र. फुगा चुकला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बंदूकच वाकडी आहे!"

गंमत म्हणजे हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. दिवसभर शेकडो हातांतून गेलेल्या त्या बंदुकीचे स्क्रू ढिले झालेले असतात आणि लाकडी दस्ता नळीखाली हलत असतो. समोरचा कितीही स्थिर उभा राहिला, तरी प्रत्येक छरा वेगळ्या वाटेने जातो.

आता हाच प्रश्न मोबाइलवर वेगळ्या रूपात आलाय. काळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या, सैनिकी थाटाच्या 'चेसिस'मध्ये बसवलेल्या रायफली रील्समध्ये दिसतात. लाकडी स्टॉक काढा, चेसिस लावा, नेम दुप्पट सुधारेल, असे दावे केले जातात. स्वप्नील कुसळेने २०२४मध्ये पॅरिसमध्ये पदक जिंकल्यापासून महाराष्ट्राच्या गावागावांत रायफल शूटिंगबद्दल कुतूहल वाढलंय. त्यामुळे शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांतली मुलंही विचारतायत की खरंच चेसिसने फरक पडतो का? आणि पडत असेल, तर घरच्यांचे पैसे त्यावर घालावेत का?

थोडक्यात उत्तर असं: फरक पडतो, पण रीलमध्ये सांगतात त्या कारणामुळे नाही.

स्टॉक म्हणजे काय आणि चेसिस म्हणजे काय?

रायफलचे ढोबळमानाने तीन भाग करता येतात. पहिला नळी. दुसरा अ‍ॅक्शन, म्हणजे जिथे गोळी भरली जाते आणि ट्रिगर बसवलेला असतो तो धातूचा भाग. तिसरा भाग म्हणजे या दोघांना धरून ठेवणारा सांगाडा. हा सांगाडा खांद्याला टेकतो, गालाला लागतो आणि हातात बसतो. त्याला इंग्रजीत स्टॉक म्हणतात. मराठीत जुना शब्द आहे, दस्ता.

पारंपरिक स्टॉक लाकडाचा असतो. लाकूड कोरून त्यात अ‍ॅक्शनच्या आकाराची खाच करतात आणि अ‍ॅक्शन स्क्रूने आवळतात. लाकडाऐवजी फायबरग्लास किंवा इतर कृत्रिम साहित्याचेही स्टॉक असतात.

चेसिसमध्ये कल्पना थोडी वेगळी आहे. गॅरेजमध्ये ट्रकची 'चासी' म्हणतात, तोच हा शब्द. ट्रकमध्ये जसं इंजिन, केबिन, हौदा सगळं एका लोखंडी सांगाड्यावर बसतं, तसं इथे अ‍ॅक्शन अ‍ॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यात बसतं. मग गालाची पट्टी, हाताची पकड, खांद्याचा भाग हे सगळं त्या ठोकळ्याला वेगवेगळं जोडता येतं आणि हवं तसं पुढे-मागे, वर-खाली करता येतं.

ऑलिम्पिकच्या रेंजवर मात्र 'चेसिस' हा शब्द कमी ऐकू येतो. तिथे त्याला साधं 'अ‍ॅल्युमिनियम स्टॉक' म्हणतात. तत्त्व तेच.

एका कागदाच्या जाडीचं गणित

स्टॉकवर इतकी चर्चा का होते, हे समजायला लक्ष्याचा आकार बघावा लागेल.

५० मीटर रायफल प्रकारात १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. १० मीटर एअर रायफलमध्ये तर १० गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छऱ्याची कड त्या ठिपक्याला लागली तरी १० मिळतात, हीच काय ती सवलत. छरा ४.५ मिलिमीटरचा असतो, ५० मीटरवर वापरली जाणारी गोळी ५.६ मिलिमीटरची.

आता समजा, एका शूटरच्या डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर अंतर आहे. नळीचं तोंड ०.१ मिलिमीटरने सरकलं. ही झाली झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. एक मीटरवर ०.१ मिलिमीटर, म्हणजे ५० मीटरवर ५ मिलिमीटर.

फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. बरोबर मध्यभागी लागलेल्या गोळीला १०.९ मिळतात. तीच गोळी ५ मिलिमीटर बाजूला गेली की १०.३ होतात. एका कागदाच्या जाडीने ०.६ गुण गेले.

हे ०.६ कमी वाटत असतील, तर पॅरिसची पात्रता फेरी आठवा. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ६० गोळ्या झाडायच्या होत्या आणि कमाल गुण ६००. स्वप्नील कुसळेने ५९० गुण मिळवले आणि सातव्या क्रमांकाने तो अंतिम फेरीत गेला. त्याचाच भारतीय सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याने ५८९ गुण मिळवले आणि तो अकरावा येऊन बाहेर पडला. एका गुणाच्या फरकाने एकाला पदकाची संधी मिळाली, दुसऱ्याला घरचं तिकीट.

गोळी सुटताना नळी थरथरते

ट्रिगर दाबल्यावर गोळी नळीबाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात रायफल धक्का देते आणि नळी अतिशय सूक्ष्म थरथरते. घंटेवर टोला दिल्यावर घंटा थरथरते, तसंच.

थरथर थांबवता येत नाही आणि तशी गरजही नसते. गरज असते ती दर वेळी *सारखीच* थरथर होण्याची. प्रत्येक गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडताना नळी त्याच जागी असेल, तर सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी लागतील. साइट फिरवून ते ठिकाण मध्यभागी आणता येतं.

इथे स्टॉकची पहिली भूमिका येते. त्यासाठी दोन गोष्टी पाहतात.

पहिली, बेडिंग. अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये किती घट्ट आणि एकसारखं बसलंय, याला बेडिंग म्हणतात. ते जरासं जरी हलत असेल, तर प्रत्येक धक्क्यानंतर वेगळ्या जागी स्थिरावतं. लाकडी स्टॉकमध्ये हा दोष काढण्यासाठी स्क्रूच्या जागी धातूच्या नळकांड्या बसवतात आणि अ‍ॅक्शनखालच्या खाचेत इपॉक्सी भरून हुबेहूब साचा तयार करतात. चेसिसमध्ये धातूवर धातू बसतो, त्यामुळे हे काम यंत्रावरच बऱ्यापैकी झालेलं असतं.

दुसरी, मोकळी नळी. नळी पुढच्या बाजूला स्टॉकला टेकता कामा नये. टेकली तर हाताचा, पट्ट्याचा दाब थेट नळीवर येतो. याची तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करून नळी आणि स्टॉक यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालायची. ती नळीखालून अडथळ्याशिवाय मागे सरकत गेली, तर नळी मोकळी आहे.

म्हणजे चांगलं बेडिंग असलेला लाकडी स्टॉक आणि चांगली चेसिस यांत नळीच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. वाईट बेडिंग असलेल्या स्टॉकमधून चांगल्या चेसिसमध्ये गेलं, तर मात्र फरक डोळ्यांना दिसतो. रील्समधले 'आधी' आणि 'नंतर'चे व्हिडिओ बऱ्याचदा हाच फरक दाखवतात. श्रेय मात्र चेसिसच्या दिसण्याला जातं.

पावसात दार का अडकतं?

शहापूर-मुरबाडमध्ये राहणाऱ्या कुणालाही लाकडाचा स्वभाव समजावून सांगायची गरज नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. दिवाळीनंतर तेच दार पुन्हा सहज लागतं.

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि फुगतं. तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही, पण आडव्या दिशेने वाढतं. दाराच्या बाबतीत यामुळे फक्त कडी लागत नाही. रायफलच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी होऊ शकतात. स्क्रूवरचा ताण बदलतो आणि लाकूड जरा पिळलं गेलं, तर पुढचा भाग नळीला टेकू लागतो. वर पाहिलंच आहे की इथे हिशोब एका कागदाच्या जाडीचा आहे.

म्हणून स्टॉकसाठी पूर्वीपासून अक्रोडाचं लाकूड पसंत केलं जातं. ते मजबूत असतं आणि नीट वाळवल्यावर तुलनेने स्थिर राहतं. त्याहून स्थिर पर्याय म्हणजे लॅमिनेटेड लाकूड. पातळ थर एकमेकांवर चिकटवून हा ठोकळा बनवतात, त्यामुळे एका थराची ओढ दुसरा थर रोखून धरतो.

लाकडाच्या जमेच्या बाजूही आहेत. ते थरथर बऱ्यापैकी शोषून घेतं. थंडीत गार आणि उन्हात चटका देणारं होत नाही. शिवाय कानस आणि पॉलिश पेपर घेऊन ते शूटरच्या तळहाताप्रमाणे घासता येतं. अनेक शूटर्सना लाकडाचा स्पर्शच आवडतो, आणि दिवसभर हातात धरायच्या वस्तूबाबत ही किरकोळ गोष्ट नाही.

अ‍ॅल्युमिनियमवर काहीच परिणाम होत नाही का?

होतो. ओलाव्याचा होत नाही, पण तापमानाचा होतो. ७० सेंटीमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा २० अंशांनी तापला, तर साधारण ०.३ मिलिमीटरने वाढतो. मात्र ही वाढ सगळीकडे सारखी होते, लाकडासारखा पीळ पडत नाही. त्यामुळे नेमावर तिचा परिणाम सहसा जाणवत नाही.

चेसिसची कल्पना कुठून आली, ही गोष्टही रंजक आहे. ब्रिटनचा माल्कम कूपर हा शूटर १९८४च्या लॉस एंजेलिस आणि १९८८च्या सोल अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचा सुवर्णविजेता होता. म्हणजे कुसळेने पदक जिंकलं, तोच प्रकार. कूपर हा अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. या कंपनीच्या रायफलमध्ये अ‍ॅक्शन अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवलेलं होतं आणि बाहेरून फक्त प्लास्टिकची कवचं लावली होती. १९८०च्या दशकात ब्रिटिश लष्कराने ही रायफल घेतली. तेव्हापासून चेसिसला 'सैनिकी' ओळख मिळाली आणि आज रील्समध्ये दिसतो तो थाट तिथूनच आला.

मग ऑलिम्पिक शूटर अ‍ॅल्युमिनियम का निवडतात?

आज मोठ्या स्पर्धांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे स्टॉक जास्त दिसतात. याचं मुख्य कारण नळीशी नाही, शरीराशी जोडलेलं आहे.

थ्री पोझिशन्स प्रकारात एकाच रायफलने गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो. तिन्ही वेळा मान वेगळ्या कोनात असते, खांदा वेगळ्या उंचीवर असतो, हात वेगळ्या ठिकाणी असतो. झोपून नेम धरताना गालाची पट्टी जिथे बरोबर वाटते, तिथे ती उभं राहिल्यावर चुकीची ठरते.

त्यामुळे शूटर प्रत्येक मुद्रेसाठी गालाची पट्टी, खांद्याची बटप्लेट आणि पुढच्या हाताचा आधार बदलतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर हे भाग आकड्यांच्या पट्टीवर सरकतात. शूटर आपले आकडे वहीत लिहून ठेवतो आणि स्पर्धेच्या घाईत अगदी त्याच जागी परत आणतो. लाकडी स्टॉकवरही असे भाग बसवता येतात, पण धातूवर हे जास्त अचूक आणि झटपट होतं.

१ ऑगस्ट २०२४ला शातोरूच्या रेंजवर कुसळेने अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून आणि शेवटी उभं राहून नेम साधला. ४५१.४ गुणांसह त्याला कांस्यपदक मिळालं. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. खाशाबा जाधव यांच्या १९५२च्या हेलसिंकी पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मुद्रा बदलताना रायफल नव्याने जुळवणं हा त्या खेळाचाच भाग आहे. आणि ती जुळवणी आपल्या शरीराला ओळखणारा शूटरच करू शकतो.

एका नजरेत तुलना

*ओलावा:* साध्या लाकडावर परिणाम होतो. लॅमिनेटेड लाकडावर कमी. फायबरग्लास आणि अ‍ॅल्युमिनियमवर जवळजवळ नाही.

*अ‍ॅक्शनची बैठक:* लाकडात बेडिंगचं काम जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. चांगल्या चेसिसमध्ये ते तयार मिळतं. स्वस्त, ओबडधोबड चेसिसमध्ये मात्र नसतं.

*जुळवणी:* अ‍ॅल्युमिनियम स्पष्टपणे पुढे.

*स्पर्श आणि थरथर:* अनेकांची पसंती लाकडाला.

*वजन:* दोन्हींत हलके आणि जड प्रकार आहेत. जड रायफल कमी हलते, पण लहान वयाच्या शूटरची पाठ आणि खांदे थकवते.

*देखभाल:* लाकूड ओलाव्यापासून जपावं लागतं. चेसिसमध्ये भाग आणि स्क्रू जास्त, त्यामुळे सैल होण्याच्या जागाही जास्त.

*किंमत:* स्पर्धेच्या दर्जाच्या परदेशी रायफली काही लाखांच्या घरात जातात आणि त्यातही अ‍ॅल्युमिनियमचे प्रकार सहसा महाग असतात.

नियम काय सांगतात?

रील बघून चेसिस घेतली आणि स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरच अडकलं, असं होऊ शकतं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफलचं वजन साइटसह ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. पुरुषांच्या ५० मीटर रायफलसाठी ही मर्यादा ८ किलो आहे. एअर रायफलच्या स्टॉकला अंगठा आरपार घालायचं भोक चालत नाही, आणि सैनिकी थाटाच्या बऱ्याच चेसिसची पकड नेमकी तशीच असते. दुर्बीण तर या दोन्ही प्रकारांत चालतच नाही.

म्हणजे रीलमध्ये भारी दिसणारी रायफल जिल्हा स्पर्धेतही उपयोगाची नसू शकते.

स्प्रिंगच्या बंदुकीचं काय?

गावाकडे अनेकांच्या ओळखीची असते ती नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी छऱ्याची बंदूक. रील्समधले बरेच स्वस्त 'चेसिस किट' याच बंदुकांसाठी विकले जातात.

या बंदुकीचा धक्का विचित्र असतो. आत जड पिस्टन पुढे धावतो, तेव्हा बंदूक मागे ढकलली जाते. पिस्टन पुढे जाऊन आदळला की ती पुढे ओढली जाते. हे दोन्ही धक्के छरा नळीत असतानाच सुरू झालेले असतात. त्यामुळे ही बंदूक घट्ट आवळून धरली की नेम उलट बिघडतो. ती हलक्या आणि दर वेळी सारख्याच हाताने धरावी लागते. याच दुहेरी धक्क्याने तिचे स्क्रूही सारखे ढिले होतात.

इथे चेसिसपेक्षा एक फुकटचा उपाय जास्त कामाचा आहे. स्क्रू योग्य ताणावर आवळा आणि स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत रंगीत पेनाने एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सरकला. जत्रेतल्या त्या 'वाकड्या' बंदुकीचा अर्धा आजार एवढ्यानेच बरा होईल.

स्पर्धेतल्या आधुनिक एअर रायफली स्प्रिंगवर चालत नाहीत. त्यांच्या सिलिंडरमध्ये आधीच दाबलेली हवा असते, त्यामुळे धक्का जवळजवळ जाणवत नाही.

पैसे आधी कशावर घालायचे?

घरात एकच पगार किंवा थोडीशी शेती असेल, तर हा प्रश्न स्टॉक-चेसिसच्या वादापेक्षा मोठा आहे. साधारण क्रम असा लावता येईल.

१. रेंज आणि प्रशिक्षक. सुरुवातीचे महिने क्लबच्या रायफलवर सराव करता येतो. स्वतःची रायफल नंतर.

२. छरे आणि गोळ्या. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधल्या गोळ्या एकाच रायफलमधून वेगळ्या लागू शकतात. मोठे शूटर लॉट तपासूनच घेतात. बऱ्याचदा चांगल्या लॉटने पडणारा फरक नव्या स्टॉकने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

३. जॅकेट, बूट, पट्टा. शरीर स्थिर राहिलं नाही, तर रायफलची अचूकता कागदावरच राहते.

४. जुळवणी. आहे त्या स्टॉकची लांबी, गालाची पट्टी, बटप्लेट प्रशिक्षकाकडून नीट लावून घ्या. याची एक साधी चाचणी आहे. रिकामी रायफल घेऊन नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. साइट लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर शरीर जोर लावून रायफल वळवत होतं. रायफलला हात लावण्याआधी पायांची आणि शरीराची जागा बदला.

५. नवा स्टॉक किंवा चेसिस. आधीच्या चारही गोष्टी जागेवर आल्या आणि तरीही जुना स्टॉक अडचण करत असेल, तेव्हाच.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र या क्रमाला एक अपवाद आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची उंची वर्षभरात बदलते. त्याच्यासाठी सरकणारे भाग असलेला स्टॉक ही चैन नाही, कारण एकच रायफल काही वर्षं पुरते.

कायदा विसरू नका

आर्म्स रूल्स, २०१६नुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचापर्यंत बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकद असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. ५० मीटर प्रकारातल्या पॉइंट टू-टू रायफलला मात्र परवाना लागतो. १९५९च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. त्यामुळे बंदुकीच्या सुट्या भागांची खरेदी किंवा दुरुस्ती परवानाधारक विक्रेत्याकडेच करावी. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन केलेला जुगाड महागात पडू शकतो.

आणखी एक गोष्ट. शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे आणि दोन्ही तालुक्यांत जंगल भरपूर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. परवाना न लागणारी एअर रायफल असली, तरी ससा, पाखरू मारणं हा गुन्हाच. छरा लांब जातो आणि आदळून उलटही येतो, त्यामुळे अंगणातला सरावही मागे भक्कम आड असल्याशिवाय आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय करू नये.

शहापूर-मुरबाडमधून सुरुवात कशी करता येईल?

सगळ्यात जवळचा दरवाजा कॉलेजमध्येच असतो, एनसीसी. तिथे कॅडेट्सना पॉइंट टू-टू रायफलने फायरिंगचं प्रशिक्षण मिळतं. ती रायफल लाकडी दस्त्याचीच असते, आणि श्वास, पकड, ट्रिगर यांची पायाभूत शिस्त तिच्यावरही शिकता येते.

पुढे मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पनवेलमध्ये ऑलिम्पियन सुमा शिरूर यांची लक्ष्य शूटिंग क्लब ही अकादमी आहे. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात रेंज आहे. शहापूरच्या मुलांना आसनगावहून लोकल मिळते, मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. रोजचा प्रवास परवडणारा नाही, हे खरं. म्हणून सुट्टीतली शिबिरं आणि घरी रिकाम्या रायफलने नेम धरण्याचा सराव हा मधला मार्ग ठरतो. या सरावात एकही छरा खर्च होत नाही, आणि जागतिक दर्जाचे शूटरही तो रोज करतात.

राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी ही निवासी योजनाही आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे याच प्रबोधिनीतून पुढे आला. वडील शिक्षक, पुढे स्वतः मध्य रेल्वेत टीसी. ऑलिम्पियन दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली तो घडला. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात जगज्जेता होणारा तो दुसराच भारतीय.

थोडक्यात

- स्टॉक किंवा चेसिसची कामं दोन: नळी-अ‍ॅक्शनला दर वेळी त्याच जागी धरणं आणि रायफल शूटरच्या अंगाला बसवणं.
- चांगल्या बेडिंगचा लाकडी स्टॉक नळीच्या दृष्टीने चेसिसच्या बरोबरीला येतो.
- अ‍ॅल्युमिनियमचे खरे फायदे दोन: पावसाळ्याचा त्रास नाही आणि जुळवणी अचूक होते.
- नवशिक्याने आधी प्रशिक्षक, छरे आणि जुळवणी यांवर खर्च करावा.
- खरेदीआधी स्पर्धेचे नियम आणि शस्त्र कायदा दोन्ही तपासावेत.

आणि पुढच्या जत्रेत फुगा चुकला, तर बंदुकीला दोष देण्याआधी दस्ता एकदा हलवून बघा. तो हलत असेल, तर मित्रांचं म्हणणं बरोबर आहे. हलत नसेल, तर मात्र सराव वाढवावा लागेल.